एका बाजूला कळ आली, तर छातीचा फोटो काढ

बाय, तुझ्या घरात विशीतला, उंच, काटकुळा मुलगा किंवा भाऊ असेल ना, तर जरा माझ्याजवळ बस. भात टाकला असशील तर गॅस बारीक करून ये. मी मुंबईत छातीच्या वॉर्डात नर्स म्हणून नोकरी केली. तिथं आपल्या बाजूची, म्हणजे मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडची तरुण पोरं आली की बऱ्याचदा उशिरा आलेली असायची. घरच्यांची हयगय म्हणून नव्हे. हे दुखणंच लबाड आहे.

दुखणं म्हणजे फुप्फुस मिटणं. डॉक्टर त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं 'न्यूमो' म्हणायचो. धडधाकट तरुणाला, कुठं मार लागलेला नसताना होतं. पोरगा खाटेवर मोबाइल बघत पडलेला असतो, नाहीतर आगरदांड्याच्या जेटीवर दिघीच्या फेरीची वाट बघत उभा असतो, आणि छातीच्या एका बाजूला एकदम कळ येते. मग आपण कारण शोधत बसतो. बर्फाची पेटी उचलली होतीस का, जाळं ओढलं का, जिममध्ये गेला होतास का? बहुतेक वेळा तसलं काही झालेलंच नसतं. बसल्याजागी होतं. त्यामुळे 'काही केलं नाही तर दुखेल कसं' असं म्हणून त्याला उडवून लावू नकोस.

कळ कशी असते ते नीट ऐक. बोट ठेवून दाखवता येईल अशी, एकाच बाजूला, उजव्या किंवा डाव्या. कधी ती खांद्यात किंवा पाठीत फुटते. श्वास आत घेतला की टोचते, म्हणून पोरगा वरवर, तुटक श्वास घेतो. सुकी ढास लागते. जिना चढला की धाप लागते, आणि ही धाप त्याची नेहमीची नसते. ताप नसतो, खोकल्यातून काही पडत नाही. आदल्या दिवसापर्यंत क्रिकेट खेळणारा पोरगा असतो.

आपल्याकडे याचं निदान घरातच होतं: उसण भरली. आजी बाम चोळते, तव्यावर फडकं गरम करून शेक देते. कुणी म्हणतं गॅस झालाय, ओवा खा, सोडा पी. एखादी मावशी मीठ-मोहरीनं दृष्ट काढते. मी या कशालाच हसत नाही, उसण भरतेही आणि गॅसही होतो. पण उसण दाबली की दुखते, हात वळवला की दुखते, आणि तिनं धाप लागत नाही. कळ आणि धाप दोन्ही एकदम, एकाच बाजूला आणि अचानक आली, की बामाची बाटली ठेवून द्यायची आणि चपला घालायच्या.

आत काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं पटेल. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला काही जणांच्या बाबतीत पातळ भिंतीचे हवेचे लहान फोड तयार झालेले असतात. त्यांचा कधी त्रास होत नाही, कुणाला पत्ताही नसतो. त्यातला एखादा फुटला की श्वासातली हवा फुप्फुसाबाहेर, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत शिरते. एरवी दोन ओल्या काचा चिकटाव्यात तसं फुप्फुस छातीच्या आतल्या अस्तराला चिकटून फुललेलं असतं. मध्ये हवा शिरली की ते सुटतं आणि आपल्याच ताणानं आकसून बसतं. कधी थोडंसं, कधी निम्मं, कधी मुठीएवढं.

आता लबाडी कुठं आहे ते बघ. पहिल्या दिवशीची ती तीव्र कळ बऱ्याचदा एका दिवसात बोथट होते. पोरगा सकाळी उठून म्हणतो, आता बरं वाटतंय, उगाच दवाखान्यात नको. आईलाही हायसं वाटतं. फुप्फुस मात्र मिटलेलंच असतं. तरुण शरीर दुसऱ्या फुप्फुसावर निभावून नेतं, एवढंच. असा पोरगा चार दिवसांनी वाडीतली चढण चढताना मध्येच बसकण मारतो, तेव्हा घरातली माणसं घाबरतात. हे मी तुला दहा वेळा सांगितलं तरी कमीच: दुखणं कमी झालं म्हणजे आतली हवा गेली, असं समजायचं नाही.

कोविडच्या वेळी घराघरांत बोटाला लावायचं ते यंत्र आलं. ते तू लावशील, ९७ दिसेल आणि निर्धास्त होशील. तसं होऊ नकोस. थोडं फुप्फुस मिटलेलं असलं तर आकडा अगदी चांगला येतो. आकडा कमी आला तर धावायचं, पण चांगला आला म्हणून थांबायचं नाही.

कुणाला होतं हे? जास्त करून पुरुषांना, साधारण पंधरा ते पस्तीस वयातल्या, उंच आणि सडपातळ अंगाच्या. एकदम ताडमाड वाढलेल्या मुलाची छाती लांब आणि अरुंद असते, वरच्या टोकावर ताण जास्त पडतो, असं मानतात. आणि दुसरं कारण तुला आवडणार नाही. सिगारेट. स्टॉकहोममध्ये झालेल्या एका अभ्यासात, तो १९८७ साली छापून आला, असं दिसलं की ओढणाऱ्या निरोगी पुरुषाला आयुष्यात कधीतरी हे होण्याची शक्यता शंभरात बारा आणि न ओढणाऱ्याला हजारात एक. गांजानंही फुप्फुसाला असाच धोका असतो. ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी पोरांना ती मिळते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

म्हणून एक कानमंत्र देते. डॉक्टर 'काही ओढतोस का' असं विचारतील तेव्हा तू खोलीबाहेर जा. मुद्दाम जा, पाणी आणायला म्हणून जा. आईसमोर कुठला पोरगा हो म्हणणार? आणि नंतर त्याच्या कानाखाली वाजवायची घाई करू नकोस. खरं बोलला म्हणून मार मिळाला, तर पुढच्या वेळी छातीत कळ आली तरी सांगणार नाही.

आता जायचं कुठं. आपण खाडीच्या टोकाला राहतो, हे डोक्यात ठेवून आधीच ठरवून ठेवावं लागतं. जवळ मुरूडचं ग्रामीण रुग्णालय. आधी फोन करून विचार, एक्स-रे चालू आहे का, काढणारा माणूस आहे का. नसेल तर तिथं वेळ घालवू नकोस, सरळ अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठ. मुरूडहून काशीद, साळाव, रेवदंडा करत सुमारे पन्नास किलोमीटर, आणि त्या वळणांना किती वेळ लागतो ते तुला मी सांगायला नको. पलीकडे दिघीला उतरून जायचा विचार दिवसा ठीक आहे, मध्यरात्री फेरीबोट कुठली? मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचीही पावसाळ्यात बंद असतात. त्यामुळे श्वास जरा जरी जड वाटत असेल, तर स्वतःची गाडी काढण्यापेक्षा १०८ ला फोन कर. त्या गाडीत ऑक्सिजन असतो आणि डॉक्टर असतो. मोटरसायकलवर मागं बसवून त्याला घाटातून न्यायचं नाही, एवढं माझं ऐक.

काही खुणा दिसल्या तर मात्र विचार करत बसायचं नाही. श्वास वाढतच चाललाय, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, अंगाला थंड घाम, नाडी धावतेय, मानेच्या शिरा फुगल्यात, पोरगा बेचैन होऊन मग ग्लानीत जातोय. अशा वेळी आत शिरलेली हवा बाहेर पडत नसते, साचत जाते आणि हृदयाला आणि दुसऱ्या फुप्फुसाला ढकलते. हे क्वचित होतं, पण झालं तर हाताशी मोजकीच मिनिटं असतात. त्या वेळी डॉक्टर एक्स-रेचीही वाट बघत नाहीत, आधी छातीत जाड सुई घालून हवा सोडतात. ते बघून तू किंचाळू नकोस. ती सुई जीव वाचवण्यासाठी असते.

एरवी, पोरगा बोलतोय-चालतोय अशा वेळी, डॉक्टर आधी तपासतात. दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकतात: मिटलेल्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येतो किंवा येतच नाही. बोटावर बोट आपटून ठोकतात: त्या बाजूला पोकळ, घुमणारा आवाज. छाती उघडी करून समोरून पाहिलं तर ती बाजू कमी हलते. हा स्टेथोस्कोप १८१६ साली लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं काढला आणि १८१९ च्या आपल्या ग्रंथात त्यानं या दुखण्याच्या खुणाही नोंदवल्या, फोटो वगैरे काही नसताना, निव्वळ कानावर. आज घाईच्या ओपीडीत शर्टावरून, एकाच बाजूला नळी टेकवून चिठ्ठी मिळाली, तर तू गोड आवाजात म्हण, 'डॉक्टर, दोन्ही बाजूंना जरा ऐकाल का?' यात अपमान कसला? आणि थोडंच फुप्फुस मिटलं असेल तर ऐकूनही कळत नाही. म्हणून फोटो हवाच.

इथं बऱ्याच ठिकाणी गाडी घसरते. छातीत दुखतंय म्हटलं की पहिल्यांदा ईसीजी काढतात. काढावाच, तरुणालाही हृदयाचं दुखणं होऊ शकतं. पण ईसीजी चांगला आला की 'काही नाही, ॲसिडिटी आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात. ईसीजी हृदयाचा असतो, त्यावरून फुप्फुस फुललेलं आहे की मिटलेलं हे ठरत नाही. कधी धाप बघून दमा समजतात आणि वाफेचं औषध देत राहतात. तू फक्त विचार, 'छातीचा फोटो काढायचा का?' कळ, धाप आणि एक बाजू, हे तीन शब्द नीट सांगितलेस तर कुठलाही शहाणा डॉक्टर नाही म्हणणार नाही.

फोटो उभं राहून, छाती पाटीला टेकवून, पाठीमागून काढतात. पोराला उभं राहता येत असेल तर आडवं झोपवून काढू देऊ नकोस. उभ्यानं हवा वर जाते, खांद्याजवळच्या टोकाला जमते आणि दिसते. झोपवलं की ती पुढं पसरते आणि थोडी असेल तर चुकते. फोटोवर बघायची असते एक बारीक पांढरी रेघ, मिटलेल्या फुप्फुसाची कड. त्या रेघेच्या बाहेर नुसता काळा भाग, फुप्फुसाच्या शिरांची जाळी तिथं नसते. ही रेघ इतकी नाजूक असते की गळपट्टीच्या हाडामागं लपते, कधी खांद्याच्या हाडाची कड किंवा कातडीची घडीही तशीच भासते. म्हणून फोटोचा मोबाइलवर फोटो काढून मुंबईच्या भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि त्यानं 'ठीक वाटतंय' म्हटलं की झोपायचं, असं करू नकोस. मूळ फिल्म किंवा सीडी बरोबर घे, पुढच्या डॉक्टरच्या हातात दे.

काही ठिकाणी सोनोग्राफीच्या यंत्रानंही बघतात. श्वासाबरोबर फुप्फुसाचं अस्तर छातीच्या अस्तरावरून सरकताना दिसतं. ते सरकणं दिसलं नाही की शंका येते. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. फोटोवरून नक्की होत नसेल, किंवा ही मोकळी हवा आहे की फुप्फुसातलाच मोठा फुगलेला फोड, असा घोळ असेल तेव्हा तो करतात. हा घोळ खराच होतो, आणि अशा फोडात चुकून नळी घातली तर नवीनच संकट. म्हणून डॉक्टरनं सीटी सांगितला की पैसे काढायला सांगितला, असं लगेच म्हणू नकोस.

हवा आहे असं ठरलं, की पुढं काय हे तिच्या प्रमाणापेक्षाही पोराला त्रास किती यावर ठरतं. पूर्वी मोठा न्यूमो दिसला की नळी, असा शिरस्ता होता. आता तसं राहिलं नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३१६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली आला. त्यात मध्यम ते मोठा न्यूमो असलेल्या, पण तब्येत स्थिर असलेल्या तरुणांना नुसतं नजरेखाली ठेवलं, तरी बहुतेकांचं फुप्फुस आठ आठवड्यांत आपोआप फुललं. फटीतली हवा शरीर रोज थोडी थोडी शोषून घेतं, ऑक्सिजन दिला तर जरा लवकर. पण 'नजरेखाली' म्हणजे काय? पुन्हा फोटो, ठरलेल्या दिवशी तपासणी, आणि त्रास वाढला तर तासाभरात दवाखाना हाताशी. आगरदांड्यात राहणाऱ्यानं हे डॉक्टरला स्पष्ट सांगावं, की साहेब, आमचं घर अलिबागपासून दोन तासांवर आहे. मग ते त्याला ठेवून घेतील. मी डॉक्टर असते तर ठेवूनच घेतलं असतं.

त्रास जास्त असेल तर सुईनं हवा ओढून काढतात, नाहीतर बरगड्यांमधून नळी घालतात. वॉर्डात तिला आयसीडी म्हणतात. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली असतं: छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते, बाहेरची आत जात नाही. ही बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, उचलून खाटेवर ठेवायची नाही, आडवी होऊ द्यायची नाही. बुडबुडे येत असताना नळीला चाप लावायचा नाही, अलिबागहून मुंबईला हलवताना ॲम्ब्युलन्समध्ये कुणी 'सोयीसाठी' लावत असेल तर थांबवून विचार. नातेवाइकांचा पाय लागून बाटली कलंडलेली मी पाहिलीय. भेटायला येणाऱ्या सात-आठ जणांना खाटेजवळ गोळा करू नकोस.

तुझ्या सासूबाई म्हणतील, म्हणजे क्षयच झाला की! त्यांचं भय अगदीच निराधार नाही. आपल्या देशात आजारी फुप्फुसातून हवा सुटण्यामागं क्षय हे मोठं कारण आहे. त्यामुळे खोकला, ताप, वजन उतरणं असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यायची, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. पण प्रत्येक न्यूमो म्हणजे क्षय नव्हे, म्हणून मुलाचं ताट-भांडं वेगळं करू नका. कोपनहेगनच्या केअरगार्ड नावाच्या डॉक्टरनं १९३२ सालीच मांडलं, की हे दुखणं धडधाकट माणसालाही होतं. गंमत म्हणजे त्याच काळात डॉक्टर क्षयाच्या रोग्याचं फुप्फुस मुद्दाम मिटवत होते. छातीत सुईनं हवा भरायची, म्हणजे फुप्फुसाला विश्रांती मिळेल, असा तो उपचार. इटलीच्या फोरलानिनीनं १८८२ साली तो सुचवला आणि स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध येईपर्यंत आपल्याकडच्या सॅनेटोरियममध्येही तो चालायचा. जुन्या माणसांच्या तोंडी 'छातीत हवा भरली' असं आलं, तर त्यांच्या डोक्यात हेच असतं.

आता एक आपल्या-आपल्यातलं. हे दुखणं पोरांचंच, असं समजून मुलींकडे दुर्लक्ष होतं. काही बायकांना पाळीच्या आसपास, पाळी सुरू झाल्यापासून बहुधा तीन दिवसांच्या आत, छातीत अशीच कळ येते, जास्त करून उजव्या बाजूला. गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग पोटात, पोट आणि छातीमधल्या पडद्यावर, छातीत वाढलेला असतो, त्यातून ते होतं. पोटात भयंकर दुखतं, मूल राहत नाही, असंही त्यांचं असतं. दर महिन्याला 'पाळीचं दुखतंय' म्हणून ती निजून राहते आणि छातीचं बोलतच नाही. तुझ्या मुलीनं, भावजयीनं असं काही सांगितलं तर तारखा लिहून ठेव आणि डॉक्टरसमोर पाळीचा उल्लेख न लाजता, आवर्जून कर. तारखा बघितल्याशिवाय हे निदान सुचत नाही.

बरा झाला की विसरून जाऊ नका. एकदा झालेल्या दहातल्या तिघांना ते पुन्हा होतं, बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत. दुसऱ्यांदा झालं की दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून ते फोड काढायचे आणि फुप्फुस छातीच्या अस्तराला चिकटवायचं, याचा विचार करतात. सिगारेट सोडणं हा एकच उपाय घरच्या हातातला आहे. विमानाचं म्हणशील, तर फुप्फुस पूर्ण फुलल्याचा फोटो निघाल्यावर किमान आठवडा जाऊ द्यावा. आपल्याकडची कितीतरी पोरं आखातात नाहीतर बोटीवर नोकरीला, त्यांचं तिकीट काढून ठेवलेलं असतं, एजंट घाई करतो. तिकीट पुढं ढकला. बोटीच्या कंपनीच्या मेडिकलमध्ये हे लपवू नका, भर समुद्रात झालं तर तिथं छातीचे डॉक्टर नसतात. आणि तारकर्लीला जाऊन टाकी लावून पाण्याखाली उतरायचं, ते मात्र अशा मुलानं जन्मभर विसरायचं. वर येताना दाब कमी होतो, अडकलेली हवा फुगते आणि पाण्यात वाचवायला कुणी नसतं. अपवाद फक्त दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेल्याचा, तोही छातीच्या डॉक्टरनं लेखी दिलं तर.

जाताना सोबत काय न्यायचं ते घोकून ठेव: कळ किती वाजता आली, कुठल्या बाजूला, तेव्हा तो काय करत होता, आधी कधी झालं होतं का, घरात कुणाला झालं होतं का. हात-पाय-बोटं फार लांब, सांधे सैल, नजर लहानपणापासून कमजोर असा मुलगा असेल तर तेही सांग, त्यामागं वेगळा आजार असू शकतो. आधार, रेशनकार्ड पिशवीत टाक, सरकारी योजनेत बसतं का ते तिथंच विचार. आणि १०८ हा आकडा घरातल्या सगळ्यांच्या तोंडपाठ करून घे, लहान मुलीलाही, कारण कळ येते तेव्हा मोठी माणसं खाडीवर किंवा वाडीत असतात.